शाल, ओटी आणि मानधन



मार्च जवळ आला की आमच्या मंडळात एक वही निघते. महिला दिनाला गावातल्या कुठल्या बायकांचा सत्कार करायचा, त्यांची नावं या वहीत लिहायची. गेल्या वर्षी एक नाव ठरलं आणि आम्ही तिघीजणी पावणे गावातल्या त्या आजींच्या घरी गेलो. आजी धवलारीण. आपल्याकडच्या लग्नांत धवले म्हणत त्यांचा जन्म गेला. आता वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आमचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मना कनाला शाल गो बाय? मी कं केलंय?"

आम्ही हसलो. "असं कसं आजी, तुम्ही किती केलंय!" असं काहीतरी बोललो. पण वहीत त्यांच्या नावापुढे 'कार्य' असा एक रकाना होता. तिथे काय लिहायचं ते तिघींनाही सुचेना. 'समाजकार्य' असं लिहून मोकळ्या झालो. त्या एका शब्दाची नंतर लाज वाटली. म्हणून आजच्या बोलण्यात आम्ही सत्काराचाच मागोवा घेणार आहोत. बाईच्या कामाचा मान आपल्याकडे कोणी, कधी, कसा केला? आणि मान केला म्हणजे हिशेब पुरा झाला का?

आजींच्या धवल्यांपासूनच सुरुवात करतो. आगरी आणि कोळी समाजात लग्नाचे विधी धवलारीण चालवते, हे आपल्याला सांगायला नको. हळदीपासून ती असते, कुठल्या वेळी कुठलं गाणं हे तिला पाठ असतं, देवांना आणि पूर्वजांना आवतण तीच देते. बाहेरच्या माणसाला हे नवल वाटतं, की बाई लग्न कशी लावते? पण धवळे ही मराठीतली फार जुनी गोष्ट आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं धवळे रचले आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून अभ्यासक तिचंच नाव घेतात. म्हणजे आपल्या मांडवात आजी जे गातात, त्या गाण्याच्या जातीपाशी मराठीतल्या बायकांची कविता सुरू होते. पाठ्यपुस्तकात महदंबा एका ओळीत येते. धवलारीण तर येतच नाही.

या कामाचा मान कसा होतो? साडी, नारळ, तांदूळ, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे दक्षिणा. बाईचा मान करायची आपली जुनी रीत हीच, खण-नारळाची, ओटी भरण्याची. तिच्यात माया आहे आणि आम्हाला ती आवडते. पण तिला एक मोठं भोक आहे. ओटी सवाष्णीची. नवरा गेला की त्याच बाईला, तिनं गावासाठी काहीही केलेलं असो, हळदीकुंकवाच्या बैठकीत बोलावणं नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो कौतुकाचा ठराव आहेच, पण तो करावा लागला २०२२ मध्ये, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

आणि ज्यांना वाटतं की हे विचार आजकालचे आहेत, त्यांच्यासाठी १८५२ सालची संक्रांत. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी बायकांसाठी तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. सगळ्या जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील, जातीवरून भेद होणार नाही, असं त्यांनी बोलावणं करतानाच सांगितलं होतं. त्यांचं वय तेव्हा एकवीस. हळदीकुंकू मोडायचं नाही, त्याची जाजम मोठी करायची, असा तो मार्ग होता. सत्कार समारंभात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कोणाला, यावरून आमच्याकडे दर वर्षी जे रुसवेफुगवे होतात, तेव्हा आम्हाला त्या जाजमाची आठवण होते.

त्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मोठा समारंभ झाला. मुलींच्या शिक्षणाच्या कामाबद्दल सरकारनं सत्कार केला आणि मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी दिली. ती जोतीरावांना. जोतीराव त्या मानाला पात्र होते यात कसली शंका! पण भिडे वाड्यातल्या शाळेत वर्गात उभं राहून शिकवत होत्या सावित्रीबाई. रस्त्यानं जाताना शेणमातीचे गोळे त्यांच्या अंगावर पडत होते. शाल पडली ती नवऱ्याच्या खांद्यावर. या गोष्टीचा जोतीरावांना दोष देण्यात अर्थ नाही, उलट बायकोला शिकवून तिला पुढे करणारा माणूस होता तो. त्या काळच्या सरकारी नजरेला घरातला कर्ता पुरुष दिसायचा, एवढंच. सावित्रीबाई पुढे १८९७च्या प्लेगमध्ये आजारी माणसांची सेवा करताना स्वतः प्लेगनं गेल्या, १० मार्चला. पुणे विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं २०१४ मध्ये. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

आता आपल्या काळात येऊ. आपल्या राज्यात महिला व बालविकास विभागाचा अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं पुरस्कार आहे. राज्य पातळीवर, विभाग पातळीवर आणि जिल्हा पातळीवर. राज्य पुरस्कारासाठी किमान २५ वर्षांचं काम लागतं, जिल्हा पुरस्कारासाठी १०. अट योग्यच आहे, उगाच कोणालाही देऊ नये. पण प्रस्ताव बाईनंच पाठवायचा असतो. त्याच्यासोबत कामाचा तपशील, वर्तमानपत्रातली कात्रणं, फोटो, चारित्र्याचा दाखला. आम्ही एकदा एका ताईंचा असा प्रस्ताव तयार करायला बसलो होतो. या ताईंनी वीस वर्षं वस्तीतल्या बाळंतिणींना रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचवलं आहे. कात्रण एकही नाही. फोटो एक सापडला, त्यातही त्या कडेला अर्ध्या कापल्या गेलेल्या. रात्री दोन वाजता रिक्षा शोधणारी बाई फोटोग्राफर कुठून आणणार?

मे २०२३ पासून सरकारनं आणखी एक चांगलं पाऊल उचललं. प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांचा, अहिल्यादेवींच्या जयंतीला म्हणजे ३१ मे रोजी, सन्मान करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि थोडी रोख रक्कम. बातमी ऐकून आमच्या मंडळात उत्साह आला. मग एकीनं विचारलं, "आपली ग्रामपंचायत कुठली?" आणि सगळ्या गप्प झाल्या.

कारण आपलं गाव गाव राहिलेलं नाही आणि शहरही झालेलं नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी गेल्या. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, उरण, पनवेलमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. १ जानेवारी १९९२ला नवी मुंबई महानगरपालिका झाली. पावण्याची ओळख आता बाहेर विचाराल तर 'पावणे एमआयडीसी'. कारखाने, गोदामं, ट्रक. आपल्या बोलीत पावणा म्हणजे पाहुणा. आमच्या सासूबाई म्हणायच्या की गावाचं नाव खरं झालं, आपल्याच गावात आपण पावणे झालो. तर, ग्रामपंचायतीचा सन्मान आपल्या वाट्याला नाही. महापालिकेत लाखो माणसं, तिथे पावण्याच्या बाईचं नाव कोण सुचवणार?

जमिनीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. खाडीकाठच्या भातशेतीत लावणी, बेणणी, कापणी ही बायांची कामं. पण सातबाऱ्यावर नाव बापाचं, नवऱ्याचं, दिराचं. मोबदला त्या नावावर आला. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात, जासई आणि आसपास, जो लढा झाला, ज्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. तीही त्याच नावावर. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केली १९९४ मध्ये. तोवर आपल्या पट्ट्यातली बहुतेक शेतं गेलेली होती. म्हणून आमच्या वहीत एखाद्या आजीच्या नावापुढे 'शेतकरी' लिहायला गेलो, तर पुरावा म्हणून दाखवायला काही नाही.

आता आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या दोन बाया. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. ताराबाई मोडक या शहरात मोठं नाव झालेल्या शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. वर सांगितलेल्या ओटीच्या हिशेबानं त्यांचं आयुष्य तिथेच संपायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंच्या सोबत आदिवासी वाड्यांवर गेल्या. १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आल्या.

मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात, धाकटं भावंड सांभाळतात. मग या बायांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या कोणाच्या तरी अंगणात बालवाडी भरायची. ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे, झाडाखाली शाळा भरायची. ती कुरणशाळा. खेळणी म्हणजे बिया, शिंपले, पानं, माती. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी. आज देशभर जो शब्द चालतो, तो 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या या कोपऱ्यातल्या अंगणातून गेलेला आहे. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. चांगलं काम केलं आणि मान मिळाला, अशी ही दुर्मीळ सुखाची गोष्ट.

पण गोष्टीचा पुढचा भाग आपल्या गल्लीत आहे. अंगणवाडी ताईला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द किती गोड आहे पहा. मान आणि धन. धन कमी पडलं की मान पुढे करायचा, अशी त्यात सोय आहे. तीच गोष्ट आशाताईंची. सरकारी कागदावर त्यांचं पद आहे 'आशा स्वयंसेविका'. स्वयंसेविका, म्हणजे आपखुशीनं सेवा करणारी. घरोघरी गरोदर बायांची नोंद, लसीकरण, सर्वेक्षण, करोनाच्या काळात तर दारोदार जाऊन ताप मोजणं, हे सगळं आपखुशीनं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पातळीवर सन्मान केला. आम्हीसुद्धा त्या दिवशी आमच्या आशाताईंना पेढा भरवला. त्या पेढा खाऊन म्हणाल्या, "ताई, गेल्या दोन महिन्यांचं अजून जमा व्हायचंय."

त्याआधी जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांनी संप केला होता. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. तेव्हा आमच्यातल्या काहींना, खरं सांगतो, राग आला होता. मुलांचा खाऊ बंद, सेवेचं काम असं कसं सोडलं, वगैरे. आज आम्हाला तो राग चुकीचा वाटतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात निकाल दिला, की त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि मानधन म्हटलं तरी त्या कायद्यापुरतं ते वेतनच आहे. म्हणजे जे न्यायालयाला दिसलं, ते शाल हातात घेऊन उभ्या असलेल्या आम्हाला दिसत नव्हतं.

सेवा आणि पोट यांची अशी फारकत करायला न जुमानणारी एक संस्था आपल्या अगदी जवळ आहे, वाशीला. अन्नपूर्णा महिला मंडळ. प्रेमा पुरव या गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या. त्यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या गिरणगावात हे मंडळ उभं केलं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार ज्या बायांच्या घरी जेवायचे, त्या खानावळवाल्या बाया. दोन वेळचे डबे, महिन्याची उधारी, वाण्याचं आणि सावकाराचं व्याज. त्यांना कोणी कामगार मानत नव्हतं आणि समाजसेविका तर त्याहून नाही. प्रेमाताईंनी त्यांना एकमेकींच्या भरवशावर बँकेतून कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाख कामगार घरी बसले होते. त्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्यांत या बाया होत्या. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी बायांचा सत्कार केला तो आधी त्यांच्या नावाचं बँकेत खातं उघडून, आणि आम्हाला तो सत्कार शालीहून वरचा वाटतो. रागावू नका, शालींचं दुकान चालवणाऱ्या मैत्रिणीही आमच्या श्रोत्यांत आहेत.

परत आजींकडे येतो. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून आम्ही आठवड्यानं पुन्हा गेलो, या वेळी शाल न घेता, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून. "तुम्ही काय केलंत" असं विचारलं नाही. "गावात पाणी कसं आलं" असं विचारलं. मग मात्र आजी तासभर बोलल्या. कारखान्यांना पाण्याची लाइन होती आणि गावातल्या बाया लांबून हंडे आणत होत्या. एका उन्हाळ्यात बाया रिकामे हंडे घेऊन एका कार्यालयाच्या दारात जाऊन बसल्या. साहेब बाहेर येईना. तेव्हा आजींनी तिथेच धवले सुरू केले, लग्नाचे! "सायबाचा लगीन लावला," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. साहेब आला. नळ यायला पुढे आणखी दोन पावसाळे गेले. साल कुठलं, विचारलं तर म्हणाल्या, धाकटा पोटात होता. धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरून आम्ही साल काढलं, १९७३.

त्या सुमाराला मुंबईत मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' म्हणून घरोघरी माहीत होत्या आणि महागाईच्या विरोधात बायकांचे लाटणे मोर्चे निघत होते. मृणालताईंचं नाव गोरेगावात एका उड्डाणपुलाला दिलं आहे. पाण्यासाठी भांडलेल्या बाईचं नाव पुलाला का, हे आम्हाला कळलेलं नाही, पण नाव तर आहे.

आजींनी त्या दिवशी हंडे घेऊन बसलेल्या बायांची नावं सांगितली. नावं अशी: अमक्याची आई, तमक्याची सून, वरच्या आळीतली काकी. शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांना बोलावलं, त्यांनी मिळून बायांची माहेरची आणि सासरची नावं आठवली. अकरा नावं पुरी झाली. त्यातल्या चौघी आज हयात आहेत, एक मुलीकडे कल्याणला असते. बाराव्या बाईचं नाव कोणालाच आठवेना. फक्त तिचा हंडा पितळेचा होता, बाकी सगळ्यांचे ॲल्युमिनियमचे, एवढं तिघींनाही आठवत होतं.

तर यंदाचं असं ठरलं आहे. कार्यक्रम ८ मार्चलाच, संध्याकाळी पाच वाजता. शाल आहे, नारळही आहे, ओटी सगळ्यांची भरायची, नवरा आहे की नाही हे विचारायचं नाही. 'कार्य' हा रकाना वहीतून काढला आहे. त्या जागी जिचा सत्कार आहे ती स्वतः पाच मिनिटं माइकवर बोलेल आणि ते रेकॉर्डिंग आपल्या केंद्रात तारखेसह ठेवलं जाईल. पाहुण्यांची भाषणं दोन मिनिटांची. यावर वाद झाला, अजून चालू आहे. आशाताई आणि अंगणवाडी ताईंच्या सत्काराच्या वेळी त्यांचं किती महिन्यांचं मानधन थकलं आहे हेही वाचून दाखवायचं का, यावर आमचं एकमत झालेलं नाही. त्यांनाच विचारायचं ठरलं आहे. एकीनं हो म्हटलंय, एकीला भीती वाटते.

चौघी हयात आजींना आणायला रिक्षा सांगितली आहे. कल्याणच्या आजींचा निरोप यायचा आहे.

आणि पितळी हंडेवाली बाई कोणाची आजी, पणजी, काकी असेल तर कृपा करून केंद्रावर येऊन सांगा. फोटो नसला तरी चालेल. सकाळी दहा ते एक आमच्यापैकी कोणीतरी तिथे असतंच.